मोहन दोनदा पडलं, आता बेकरी काढायचीय

या वेळच्या पत्रांमधे बेकरीचा विषय इतक्या जणांनी काढलाय की सगळा कॉलम त्यालाच देतेय. पहिलं पत्र सांगलीचं. मोठं आहे पण मी ते कापलेलं नाही, कारण त्या तिघींना हवं असलेलं निम्मं उत्तर त्यांच्याच पत्रात आहे.

प्रश्न : ताई, आम्ही तिघी मैत्रिणी, विश्रामबागला एकाच बिल्डिंगमधे राहतो. गेल्या दिवाळीला फराळ एकत्र करायचा ठरवला, माझ्या घरी. गुळाच्या शंकरपाळ्यांसाठी मैद्यात मी कडकडीत तुपाचं मोहन घातलं आणि बेल वाजली म्हणून बाहेर गेले, तेवढ्यात दुसरीने मोहन राहिलंय असं समजून परत तेवढंच तूप ओतलं. गप्पांच्या नादात कुणाला पत्ताच नाही. पहिला घाणा कढईत सोडला आणि शंकरपाळ्या विरघळल्याच हो, वर नुसता फेस आणि तळाला गाळ. सगळ्या रडकुंडीला आलो. सासूबाई म्हणाल्या, टाकू नका गं, तुपाचं आहे, करा काहीतरी. मग कढई उतरवली, ओटा आवरला, तिसरीने खालून तिचा ओटीजी म्हणजे छोटा ओव्हन आणला, उरलेलं पीठ पोळपाटावर थापून वाटीने गोल पाडले, वर तासगावचे बेदाणे दाबले आणि भाजलं. ताई, तोंडात टाकलं की विरघळत होतं! फराळाच्या ताटातून वाटलं तर लोक चकली बाजूला ठेवून तेच परत मागायला लागले. आता ओळखीपाळखीतून ऑर्डरी येतात. पण एप्रिलमधे केली तर ट्रेमधे पसरून एकमेकांना चिकटली, चव तीच पण आकारच नाही. एकीचं म्हणणं नोकरी सोडून पूर्णवेळ करूया, तिने गावभागात गाळा पण बघून ठेवलाय. घरचे म्हणतात चुकून जमलेल्या गोष्टीवर कधी धंदा होतो का. तुम्हीच सांगा, होतो का? आणि लायसन वगैरे काय लागतं?
— तिघीजणी, विश्रामबाग, सांगली

उत्तर : तिघींनो, होतो. पण घरच्यांवर रागावू नका, ते बरोबर जागी बोट ठेवतायत. चुकून जमलं ते ठरवून जमवता येतंय का, धंदा त्याच्यावर उभा राहतो, आणि एप्रिलमधे जमलं नाही हे तुम्हीच लिहिलंय.

आधी कढईत काय झालं ते बघू, कारण ते कळलं की पुढचं सगळं सोपं आहे. मैद्याला पाणी लागलं की त्यातल्या प्रथिनांचं चिवट जाळं तयार होतं, त्यालाच ग्लुटेन म्हणतात. मोहन मैद्याच्या कणांभोवती बसतं आणि हे जाळं फार घट्ट होऊ देत नाही, म्हणून शंकरपाळी खुसखुशीत होते. मोहन दुप्पट झालं की जाळं जवळजवळ धरतच नाही. असं पीठ गरम तेलात पडलं की आतल्या पाण्याची वाफ होऊन जोरात बाहेर येते, आतलं तूप तेलात निघून जातं, आणि धरून ठेवायला काही नसल्यामुळे सगळा भुगा सुटा होतो. ट्रेमधे मात्र त्याला खालून आधार असतो, आजूबाजूला ओढून नेणारं तेल नसतं, हळूहळू भाजत मैद्यातला स्टार्च आपल्या जागी बसतो. म्हणजे जे पीठ तळायला नालायक तेच भाजायला उत्तम.

आणि आता गंमत बघा. आपल्या घरोघरच्या शंकरपाळीचं माप असतं एक वाटी तूप, एक वाटी साखर किंवा गूळ, एक वाटी पाणी किंवा दूध आणि मावेल तेवढा मैदा, तो साधारण पाच वाट्यांपर्यंत जातो. यातलं तूप दोन वाट्या करा आणि वजनात मांडून बघा, गोड एक भाग, तूप दोन भाग, मैदा तीन भाग याच्या आसपास येतं. स्कॉटलंडच्या शॉर्टब्रेडचं जुनं प्रमाण हेच, एकास दोन तीन, फक्त तिकडे लोणी असतं. तुमच्या हातून दोनदा तूप पडलं आणि पीठ नेमकं त्या प्रमाणाला जाऊन पोचलं. म्हणून ते नुसतं खाण्यासारखं नाही, लोकांनी परत मागण्यासारखं झालं.

मग एप्रिलमधे काय बिघडलं? तुमचं पत्र परत वाचा. दिवाळीला कढई उतरवली, ओटा आवरला, खालच्या मजल्यावरनं ओटीजी आला, तोपर्यंत पीठ झाकून पडून होतं आणि हवा गार होती. मैद्याने पाणी पिऊन घेतलं आणि तूप परत थिजलं. थिजलेलं तूप ओव्हनमधे सावकाश वितळतं, तोवर कडा धरतात. एप्रिलच्या सांगलीत तूप बरणीतच पातळ असतं, तुम्ही ते मळलं, लगेच थापलं, लगेच आत ढकललं, आणि मैदा धरायच्या आधीच ते वाहून गेलं. दिवाळीत तुमच्या नकळत झालेली ही विश्रांती हा रेसिपीचा भाग आहे, मोहनाइतकाच. गोल पाडून झाले की ट्रेसकट अर्धा तास फ्रिजमधे ठेवा, ओव्हन आधी पूर्ण तापू द्या, १६० ते १७० अंशावर भाजा आणि कडा सोनेरी दिसल्या की काढा, बाहेर आल्यावर मऊ वाटतील पण गार होताना कडक होतात.

वाटी आता बंद. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा घ्या. चाळून भरलेली मैद्याची वाटी आणि दाबून भरलेली वाटी यांच्या वजनात भरपूर फरक असतो, तिघी तीन पद्धतीने वाटी भरणार आणि तीन वेगळी बिस्किटं होणार. एक वही करा, त्यात प्रत्येक घाण्याचं सगळं लिहा, तारीख, हवा कशी होती, मैदा किती ग्रॅम, तूप किती आणि ते थिजलेलं होतं का पातळ, गूळ कुठल्या दुकानचा, ओव्हन किती अंशावर, किती मिनिटं, वरच्या ट्रेतला का खालच्या. गुळाचं तर मुद्दाम सांगते, ढेपेढेपेत ओलावा वेगळा असतो, चिकट गूळ आला की बिस्किट मऊ पडतं. एकच दुकान धरा आणि दरवेळी गूळ किसून थोडा पसरून ठेवा मग वजन करा.

चुकून झालं आणि नशीब उघडलं अशा गोष्टी लोकांना फार आवडतात. चॉकलेट चिप कुकीची पण सांगतात, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात व्हिटमन नावाच्या गावात रूथ वेकफिल्ड ही बाई टोल हाऊस नावाची खानावळ चालवायची, १९३० च्या दशकात एकदा म्हणे तिचं नेहमीचं चॉकलेट संपलं, तिने वडीचे तुकडे टाकले आणि ते वितळलेच नाहीत. ऐकायला छान आहे, पण ही बाई १९२४ साली गृहशास्त्र रीतसर शिकून बाहेर पडलेली होती आणि ती कुकी तिने ठरवून, विचार करून बसवलेली होती. मला तुमच्या मोहनाच्या गोष्टीचं खरंच कौतुक आहे, पाकिटावर ती जरूर छापा, लोकांना आवडेल. पण पाकिटाच्या आतला माल वहीतून आलेला पाहिजे.

नोकरी आत्ता सोडू नका. एक अख्खा पावसाळा जाऊ द्या. जुलै-ऑगस्टमधे आपल्याकडच्या दमट हवेत गुळाचं बिस्किट हवेतलं पाणी ओढून घेतं आणि चार दिवसांत खुटखुटीतपणा जातो, ते तुम्ही अजून बघितलेलंच नाहीये. प्रत्येक घाण्यातलं एक पाकीट न विकता मागे ठेवा, त्यावर तारीख घाला, दर आठवड्याला एक उघडून खाऊन बघा, वास बघा, खवट लागतंय का बघा. किती दिवस टिकतं याचा आकडा असाच मिळतो, दुसऱ्याच्या पाकिटावरनं उचलायचा नाही. आणि बिस्किट पूर्ण गार झाल्याशिवाय पिशवी सील करायची नाही, कोमट भरलं की आत घाम धरतो.

लायसनचं. घरून विकलं तरी एफएसएसएआय म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेची नोंदणी लागतेच, मैत्रिणींना विकतोय म्हणून सूट नसते. कायदा २००६ चा, नोंदणीचे नियम २०११ चे, त्यात ठरावीक मर्यादेच्या आतल्या छोट्या उलाढालीला साधी नोंदणी अशी रचना आहे. फॉस्कॉस नावाच्या सरकारी पोर्टलवर स्वतः भरता येतं, मर्यादा, फी आणि मुदतीचे आकडे बदलत असतात तर भरायच्या दिवशी तिथेच बघून घ्या आणि एजंटला हजारो रुपये देऊ नका. १४ आकडी नंबर मिळतो, तो पाकिटावर हवा. शिवाय पदार्थाचं नाव, घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन, बनवल्याची आणि संपायची तारीख, पत्ता, शाकाहाराचं हिरवं चिन्ह. गहू आणि दूध यांची अ‍ॅलर्जी असणारे असतात, तेही लिहायचं. आणि घटकांत तूप लिहिलं की आत तूपच, उद्या तुपाचा भाव बघून वनस्पती तूप मिसळायचा मोह होईल, होतोच सगळ्यांना, तो टाळा. तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या घातक चरबीची, म्हणजे ट्रान्स फॅटची मर्यादा २०२२ पासून २ टक्के आहे, स्वस्त वनस्पती कुठली ते विचारल्याशिवाय घेण्यात अर्थ नाही, आणि खरं म्हणजे तुमच्या बिस्किटात चव तुपाचीच आहे, ती गेली की उरलं काय.

हिशोब करताना मैदा, तूप, गूळ, बेदाणे एवढंच धरू नका. दोन हजार वॅटचा ओव्हन तासभर पूर्ण चालला तर दोन युनिट जातात. पाकीट, स्टिकर, तुटलेली बिस्किटं, रिक्षा, आणि तिघींच्या तासांचा पगार, तो पहिल्या दिवसापासून किमतीत धरा, नाहीतर वर्षभराने कळतं की धंदा चालला पण तिघी फुकट राबल्या.

आणि गाळा. भाडं विचारायच्या आधी शेजारच्या दुकानदाराला विचारा की २०१९ ला आणि २०२१ ला महापुराचं पाणी इथे कुठवर आलं होतं. गावभागातल्या माणसाला हे विचारलं की तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो. मैद्याची पोती आणि ओव्हन एकदा बुडाले की संपलं, आणि तळमजल्यावर घ्यायचाच झाला तर पोटमाळा असलेला घ्या आणि विमा उतरवा. मोठा ओव्हन, मिक्सर घ्यायची वेळ येईल तेव्हा पीएमएफएमई म्हणून केंद्राची योजना २०२० ला सुरू झाली होती, त्यात सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगाला बँकेच्या कर्जाशी जोडून ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख असं होतं. ती अजून चालू आहे का, अर्ज घेतात का हे कृषी खात्याच्या ऑफिसात विचारा.

प्रश्न : ताई, आम्ही दोघी कॉलेजच्या मैत्रिणी मिळून घरून केक करतो. सांगलीची हळद आणि गूळ घालून वेगळा केक करायला गेलो तर कापल्यावर आत लालभडक डाग, आणि चव साबणासारखी. आजी म्हणते हळदीत भेसळ आहे. केक फेकून दिला पण रंग इतका सुंदर होता की आता हाच प्रकार नीट करून विकायचा असं डोक्यात बसलंय.
— शाहूपुरी, सातारा

उत्तर : आजींना सांगा हळदीवर संशय नको, निदान या डागांवरनं तरी नको. तुमचा सोडा जास्त झाला किंवा नीट मिसळला नाही. हळदीतलं कर्क्युमिन आंबट पदार्थात पिवळं राहतं आणि सोडा-चुन्यासारख्या खारात लाल होतं. आपलं पारंपरिक कुंकू असंच तर करतात, हळदीला चुना किंवा टाकणखार लावून. तुमच्या केकमधे सोड्याच्या गुठळ्या जिथे राहिल्या तिथे तिथे कुंकू झालं. भेसळीचा जो मेटॅनिल यलो नावाचा रंग पकडतात तो उलट आम्लात गुलाबी होतो, ही परीक्षा वेगळी.

साबणाची चव पण त्याच सोड्याची, तो पुरेशा आम्लाशी भेटला नाही की तसाच मागे राहतो. गुळाला थोडा आंबटपणा असतो पण त्याच्या भरवशावर राहू नका. एक कप मैद्याला पाव चमचा सोडा पुरतो आणि त्याला अर्धा कप आंबट दही लागतं. सोडा मैद्याबरोबर दोनदा चाळा, ओल्या मिश्रणात वरनं टाकू नका. किंवा सरळ बेकिंग पावडर वापरा, त्यात आम्ल आधीच असतं. हळद अर्ध्या चमच्याच्या वर नको, कडवट होतं.

डाग विकता येणार नाहीत, कारण तो रंग जिथे आहे तिथे चव खराब आहे. पण पिवळाधमक हळद-गूळ केक मला स्वतःला फार आवडेल, आणि सांगलीच्या हळदीला २०१८ पासून भौगोलिक मानांकन आहे, ती हळद खरंच वापरत असाल तर पाकिटावर तसं लिहायला काय हरकत आहे. हळद घेतल्याची पावती मात्र जपून ठेवा.

प्रश्न : नमस्कार. मी आणि माझा शाळेपासूनचा मित्र. पावाचं पीठ मळून फ्रिजमधे ठेवलं आणि विसरलो, दुसऱ्या दिवशी फेकायच्या ऐवजी भाजलं तर आयुष्यात खाल्ला नाही असा पाव झाला, त्यावरनं मिरजेत छोटी बेकरी काढली. ओव्हनचे पैसे माझे, पहाटे चारला उठून काम तो करतो. आता तो म्हणतो मला पगार आणि वर निम्मा नफा. मला वाटतं पैसे माझे तर जास्त वाटा माझा. कागद काहीच केलेला नाही. मैत्री तुटेल अशी भीती वाटते.
— मिरज

उत्तर : दादा, पाव चांगला झाला त्याला कारण वेळ. थंडाव्यात यीस्ट सावकाश काम करतं, तेवढ्यात पिठातले एन्झाइम स्टार्चची साखर करतात आणि चव देणारी आम्लं तयार होतात. दोन तासांत फुगवलेल्या पावाला ती चव येत नाही. हे चालू ठेवा.

वाट्याचं. कागद नसेल तर कायदा काय म्हणतो ते दोघांनी ऐका. भागीदारी कायदा १९३२ चा आहे, त्याच्या कलम १३ नुसार वेगळं काही ठरलेलं नसेल तर नफा-तोटा सारखा, आणि धंद्यात काम केलं म्हणून भागीदाराला वेगळा पगार नाही. म्हणजे पगार मागण्यात तो कायद्याने बरोबर नाही आणि जास्त वाटा मागण्यात तुम्ही नाही. शिवाय फर्म नोंदवलेली नसेल तर कलम ६९ मुळे उद्या एखाद्या हॉटेलवाल्याने पावाचे पैसे बुडवले तर फर्म म्हणून दावा लावणं अवघड होऊन बसतं.

माझं मत विचारलंत तर तुमचा मित्र न्यायाचं बोलतोय, फक्त कायद्याचं नाही. रोज पहाटे चारला उठणारा माणूस बाहेरनं आणायचा झाला तर पगार द्यावाच लागेल ना? तसंच ओव्हनचे पैसे बँकेकडनं घेतले असते तर व्याज द्यावं लागलं असतं. म्हणून करारात असं लिहा की तुमच्या रकमेवर ठरावीक व्याज, त्याच्या कामाला ठरावीक पगार, आणि ते दोन्ही वजा जाऊन उरेल तो नफा निम्मा निम्मा. एकजण बाहेर पडला तर ओव्हन कुणाचा, बेकरीचं नाव कुणाचं, रेसिपी कुणाची, तेही लिहा. रविवारी दुपारी बेकरी बंद असताना बसा, घरचे कुणी मधे नकोत, आधी त्याचं पूर्ण ऐकून घ्या आणि मग सीएकडे जा. त्याला तुमच्याइतकीच भीती वाटत असणार.

विश्रामबागच्या तिघींनो, हे तुम्हालाही लागू, तुमचं अजून काहीच बिनसलेलं नाही तेव्हाच कागद करून टाका.

प्रश्न : आम्ही बहिणी-बहिणी खपली गव्हाची बिस्किटं करतो, पहिल्यांदा मैदा संपला म्हणून नाइलाजाने खपली वापरली आणि तीच सगळ्यांना आवडली. स्टिकरवर ग्लुटेन फ्री लिहावं असं दुकानदार सांगतो, म्हणतो त्याने खप वाढेल.
— पलूस

उत्तर : अजिबात लिहू नका. खपली हा गहूच आहे आणि त्यात ग्लुटेन असतं. त्याचं जाळं कमकुवत असतं म्हणून पोळी पटकन तुटते आणि बिस्किट छान खुसखुशीत होतं, पण सिलियाक म्हणजे ग्लुटेन न सोसण्याचा आजार असलेल्या लेकराने ते खाल्लं तर त्याच्या आतड्याला इजा होईल. ग्लुटेन फ्री म्हणायला एक किलोत २० मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन लागतं, गव्हाच्या कुठल्याच बिस्किटात ते शक्य नाही. मैदा विरहित, खपली गव्हाचे असं मोठ्या अक्षरात लिहा, आपल्या भागात खपली म्हटलं की लोक किंमत देतात. आणि दुकानदाराने स्वतः तसं स्टिकर चिकटवलं तर माल परत घ्या, पाकिटावर नंबर तुमचा आहे.